जाळ्यातलं तणस

मागच्या हिवाळ्यात माझी बायको गेली. तेव्हापासून पोरं म्हणतात, बाबा, पुढच्या सिमेंटच्या खोलीत झोपा, तिथं पंखा आहे, उठायला-बसायला लाइट आहे. मी जात नाही. मी मागच्या खोलीत झोपतो. कवेलूचं उतरतं छप्पर आहे तिचं. दाराशी माणूस ताठ उभा राहतो, पलीकडच्या भिंतीशी गेला की बसावंच लागतं. सुना म्हणतात कोंदट आहे. आहे कोंदट. पण पुसाच्या, म्हणजे पौषाच्या थंडीत या गावात इतकी ऊबदार खोली दुसरी नाही. पहिले ती तशी नव्हती. घरातली सगळ्यात गार खोली तीच होती. तिच्यात ऊब आणायची अक्कल माझ्या बायकोची, आणि ती आणताना तिला त्या खोलीत पाय ठेवायची मनाई होती.

आमचं राज्य नागपूरचं होतं, मुंबईत गेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही ढिवर. घर तलावाच्या पाळीला लागून. सकाळी बैलगाडी जुंपली तर जेवणाच्या वेळेला आरमोरीच्या बाजारात पोचायचं, इतकं लांब. तलावात मासोळी धरायची, थोडं धान करायचं, आणि जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळायचे. शहरातले लोक त्याला रेशीम म्हणतात. किडा पाला खातो, मोठा होतो, स्वतःभोवती कोसा विणून आत बसतो. ते कोसे विकायचे. पण त्यातले चांगले चांगले बियाण्यासाठी ठेवावे लागतात. त्यांच्या माळा करून घरात टांगायच्या. दिवस भरले की त्यातून पाखरं निघतात, अंडी घालतात, अंड्यातून पुन्हा बारके किडे निघतात. मग ते घेऊन घरची पुरुष माणसं जंगलात जातात आणि कोसे होईपर्यंत तिथंच राहतात.

माळा टांगल्या की नेम सुरू. दाढी करायची नाही, डोक्याला तेल नाही, हळद नाही, मासोळी नाही. ढिवराच्या घरी मासोळी बंद, म्हणजे काय ते समजून घ्या. नवरा-बायकोनं वेगळं झोपायचं. बाईनं बियाण्याच्या खोलीत जायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट विटाळाची. घरात कोणी जन्मलं किंवा कोणी मेलं आणि ते नेमातल्या माणसाच्या कानावर आलं, की त्यानं किड्याला हात लावायचा नाही. लावला तर किडे झाडावरून गळून पडतात, असं माझा बा म्हणे. त्याचा बापही म्हणे. मी कधी लावून पाहिला नाही.

बियाणं आमच्या घरी मागच्या खोलीत टांगत, कारण चुलीचा धूर तिथं पोचत नव्हता आणि धूर किड्याला चालत नाही. घरात आम्ही चौघं. बा, मी, बायको, आणि बाची विधवा बहीण, माझी आत्या. आई मी लहान असतानाच गेली होती.

या गोष्टीच्या आदल्या साली आमचा पहिला पोरगा पुसात झाला. मागच्या खोलीत पुढच्या पावसाळ्याचं बियाणं होतं. म्हणून बाळंतपण सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत केलं. सपरीला बांबूच्या ताट्या लावल्या, एका बाजूनं बोऱ्याचा, म्हणजे पोत्याचा पडदा सोडला. तलावावरून येणारा वारा बोऱ्याला काय जुमानतो! पोरगा थोडे दिवस जगला. मग त्याची छाती उडायला लागली. डबा झाला म्हणाले लोक. आत्यानं शेकलं, ओवा लावला, छातीशी धरून बसली. गेला. बायको रडायची तेवढी रडली आणि मग एकदाच बोलली, "माह्या लेकराले थंडीनं नेलं."

पुढच्या साली तिला पुन्हा दिवस गेले. पुन्हा पुसातलेच.

त्या साली पावसाळ्यातले किडे रोगानं गेले होते, म्हणून बानं थंडीचं पीक घ्यायचं ठरवलं. थंडीच्या पिकाला एकच खोट असते. खोली गार असली की अंडी एका वेळेला फुटत नाहीत. काही आज फुटतात, काही आठवड्यानं. मग झाडावर लहान-मोठे किडे एकत्र होतात आणि कोणाचाच मेळ बसत नाही. बा म्हणाला, "खोली गरम करा लागते." शेगडी ठेवता येत नव्हती, धूर होतो. म्हणजे बाहेरची थंडी आत येऊ द्यायची नाही, एवढंच हातात होतं. आणि थंडी येत होती ती वरून, कवेलूच्या फटीतून.

बा आणि मी कामाला लागलो. वाशांच्या खालून बांबूच्या कमच्या आडव्या बांधल्या, आणि कमच्या अन् कवेलू यांच्या मधात तणस कोंबलं. तणस म्हणजे धान झोडून उरतं ते गवत. संध्याकाळी छप्पर भरल्यासारखं दिसलं. बा खूश. सकाळी पाहतो तर सगळं तणस उतारावरून घसरून खालच्या टोकाला गोळा झालेलं. तिथं कमच्या पोटासारख्या फुगल्या होत्या आणि वरच्या अंगाला, दारापाशी, कवेलूतून उजेड दिसून राहिला होता.

बायको दारात आली. पोट पुढं, हात कमरेवर.

"मामाजी, तुमचं तणस तं झोपाले गेलं."

बा वर मान करून उभा होता. त्यानं वळून पाहिलं नाही. "तू दारात उभी नको राहू. तुही सावली आत येते."

ती हातभर मागं सरकली. "घ्या, सावली काढली. आता तणस काढा."

"काढून काय करू?"

"जाळ्यात भरा."

आता बा वळला. "काय?"

"फाटके जाळे पडले हायेत ना सांदीत. एक जाळं खाली, एक वर, मंधात तणस. अन् वितीवितीवर आरपार गाठ मारा, गोधडीले टाके घालतो तसं. मंग पाहू कसं घसरते."

बानं हातातली कमची खाली ठेवली. मग मला म्हणाला, "हे डोस्कं आपल्या घरात कुठून आलं बे?"

"तुमीच पाहून आणली," मी म्हणालो.

बायको आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मासोळ्या धरता धरता जलम गेला, आता हे दोघं जाळ्यात तणस धरतीन." आत्या चुलीपाशी खोकून खोकून हसली.

नवं तणस घ्यायला तिनं मनाई केली. नव्यात ओल राहते, ते कुजते आणि वास मारते. मागच्या सालच्या ढिगातलं कोरडं तणस काढलं. ते तिनं पुन्हा झोडायला लावलं, कारण त्यात धानाचा दाणा राहिला की उंदीर येतो, आणि उंदरामागं कोण येतो ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. आत्या म्हणाली, तणसात कडुनिंबाचा पाला टाका, किडे होणार नाहीत. बा भडकलाच. "किडे मारायचा पाला किड्याच्याच खोलीत? तुह्यं डोस्कं ठिकाणावर हाय का बाई?" आत्यानं कपाळावर हात मारून घेतला, आणि त्या दिवशी तो पाला गाईच्या गोठ्यात गेला.

बायको सपरीत बसून ते काम करी. जाळं पसरायचं, त्यावर तणस सारखं अंथरायचं, वरून दुसरं जाळं, आणि मग बांबूच्या सुईनं तागाची दोरी आरपार ओवून गाठ. लहानपणापासून जाळी विणत आली होती ती. तिची गाठ सुटलेली मी कधी पाहिली नाही. दोन वाशांच्या मधात बसेल एवढी रुंद पट्टी तयार झाली की ती तिची वळकटी करी आणि खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून मागं होई. ती मागं झाली की मी उचलायचो. नेम होता. हाताला हात लागू द्यायचा नव्हता. वर नेऊन वळकटीचं एक टोक आढ्याकडं बांधायचं आणि उतारावरून उलगडत खाली आणायचं. खालच्या अंगाला छप्पर इतकं टेकलेलं, की मी जमिनीवर उताणा पडून काम करी. डोळ्यांत भुसा जाई, नाकात जाई. ती बाहेरून विचारत राही.

"कुठी लोंबून राह्यलं काय?"

"नाई."

"हात लावून पाह्यला?"

"लावला."

"खालच्या कोपऱ्यात?"

"तिथी हात जात नाई."

"काडीनं कोंबा. तिथून थंडी आली तं काय उपेग? लेकरू तिथीच निजवा लागते, वाऱ्याच्या आड."

बा खोलीत माळा नीट करत होता. त्याचे हात थांबले. "कोणतं लेकरू?"

बाहेर तागाची दोरी करकरली.

"सूनबाई, ही बियाण्याची खोली हाय."

"किडे जंगलात गेले का खोली रिकामीच राहते ना, मामाजी?"

"मंग?"

"मंग मी आत येईन. बाळंतपण सपरीत नाई करत मी. एक केलं."

ती सासऱ्याशी असं बोलली. त्या काळात सुना सासऱ्याशी असं बोलत नव्हत्या. मी उताणा पडलेलो, तसाच पडून राहिलो. बा माळेतला एक कोसा बोटानं फिरवत राहिला. मग दाराकडं तोंड करून म्हणाला, "किडे वेळेवर निघाले तर पाहू."

"निघतीन. त्याच्यासाठीच तं गाठी मारून राह्यली."

तो कोपरा मी काडीनं ठासून भरला. मग पुन्हा भरला. बानं कंदील जवळ आणून धरला.

आरमोरीच्या बाजारातून बुरडाच्या चटया आणल्या आणि त्या पट्ट्यांच्या खालून शिवल्या. चटईवर पांढऱ्या मातीचा पातळ हात फिरवला. भिंतींना मातीत धानाचं तूस मिसळून जाड लिंपण केलं, आणि दाराला तणसाचाच पडदा केला. काम संपलं त्या सकाळी बाहेर बोटं वाकडी होत होती. आत गेलो तर कान गरम झाले. बानं वरच्या चटईवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग पाखरं निघाली. त्यांनी पानांच्या डोन्यांत अंडी घातली. त्यानंतर वाट पाहणं. तिचेही दिवस भरत आले होते. आधी अंडी फुटायची का आधी हिचं पोट दुखायचं, यावर सगळं येऊन थांबलं होतं. ती रोज सकाळी सपरी झाडताना खोलीपुढं थांबे आणि विचारे, "निघाले?" बा आतून म्हणे, "नाई." एवढंच बोलणं. एकदा थंडीनं तलावावर धुकं असं बसलं की पाळ दिसेना. तेव्हा तिनं स्वतःच्या अंथरुणातला बोरा काढून खोलीच्या दाराला बाहेरून टांगला. बानं आतून तो चाचपला. काढला नाही.

एका सकाळी तिनं विचारायच्या आधीच बा बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे बारीक झालेले, हातात पानाचा डोना. त्यानं तो लांबूनच तिच्यापुढं धरला. आत काळ्या डोक्याचे, मुंगीएवढे किडे वळवळत होते.

"सारे एका टायमाले फुटले," तो म्हणाला. "सूनबाई, खोली तुही."

ती हातातला झाडू घेऊन तशीच खाली बसली आणि तोंडावर पदर घेतला. आत्या म्हणाली, "अवो, हास तं थोडी." ती पदराआडून म्हणाली, "हासूनच राह्यली."

त्याच दिवशी आम्ही निघालो. किडे वाट पाहत नाहीत, त्यांना पाला लागतो. ती अंगणात लांब उभी राहिली.

"तिथी पांघरसान काय?"

"घोंगडी हाय ना."

"आजपासून मी आत झोपीन," ती म्हणाली. मी मान हलवली आणि बाच्या मागं चालायला लागलो.

येनाच्या रानात आमची झोपडी होती. दिवसभर कावळे हाकलायचे, माकडं हाकलायची, मुंग्यांना झाडावर चढू द्यायचं नाही. एका झाडाचा पाला संपला की किडे दुसऱ्या झाडावर न्यायचे. तांदूळ-मीठ घेऊन शेजारचा म्हातारा येई. बाचा लहानपणापासूनचा सोबती होता तो. नेम असा की त्यानं नाल्याच्या पलीकडंच थांबायचं, गाठोडं दगडावर ठेवायचं आणि घरची कोणतीही गोष्ट बोलायची नाही. चांगली नाही, वाईट नाही. जन्माची बातमी आली तरी विटाळ लागतो. म्हातारा दगडावर बसून विडी ओढे आणि बाकीचं सगळं बोले. कोणाचा बैल हरवला, कोणत्या बोडीत मासोळी लागली, आरमोरीच्या बाजारात कोण कोणाशी भांडलं.

"काय गा बाबाजी," तो बाला ओरडे, "किडे पाळून राह्यले का सोताच कोशात बसून राह्यले?"

"तू जाय बे, माहे किडे तुह्या आवाजानं दचकते," बा म्हणे.

एका खेपेला गाठोड्यात तांदळासोबत गूळ निघाला. बानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. नाल्यापलीकडं म्हातारा विडी ओढत आभाळ पाहत होता. बानं गुळाचे दोन तुकडे केले, मोठा मला दिला. मी तो जिभेवर विरघळू दिला, चावला नाही. दिवसभर मी कावळ्यांना शिव्या दिल्या नाहीत. त्या कोपऱ्यात लेकरू निजलं असेल, हे मनात होतं. मुलगा का मुलगी, ते गुळावरून कळत नव्हतं.

नंतरच्या एका खेपेला म्हातारा बसला नाही. गाठोडं ठेवलं आणि वळला.

"काका, घरी कसं?" मी विचारून बसलो. विचारायचं नव्हतं.

"बरं हाय," तो नाल्याकडं पाहून म्हणाला आणि गेला. त्याला काही काम असेल, असं मला वाटलं. बा पण तेच म्हणाला.

पीक चांगलं आलं. तसं पीक आमच्या घरी फार कमी वेळा आलं. माघ संपता संपता आम्ही कोसे उतरवले, टोपल्या भरल्या आणि गावाला आलो. नेम सोडायचा म्हणजे आधी तलावात आंघोळ करायची, पाळीवर न्हाव्याकडून दाढी करून घ्यायची आणि मग घरी जाऊन मासोळी खायची. मी वस्तऱ्याखाली बसलो होतो. बा शेजारी ओल्या धोतरात वाळत बसला होता. म्हातारा पाळीवरून येताना दिसला. त्यानं टोपल्यांकडं पाहिलं.

"कोसे उतरले सारे?"

"उतरले," बा म्हणाला. "पाह्य ना कसे हायेत."

"मंग आता सांगाले हरकत नाई." तो आमच्यापुढं उकिडवा बसला. "तुह्या सुनेले पोरगी झाली. गूळ आणला तवा. अन् मंग ते पोरगी गेली. मी बसलो नाई तवा."

न्हाव्यानं वस्तरा उचलून धरला. माझी अर्धी दाढी झाली होती.

"कोणी सांगतलं तुमाले सांगू नका म्हणून?" मी विचारलं.

"तुह्याच बायकोनं. तुही आत्या रडत आली होती माह्याकडं, बापाले बोलावून आण, लेकराचं तोंड पाहू दे म्हणे. तिच्या मांगून तुही बायको आली. ओल्या बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये, ते ओलांडून आली. मले म्हणे, काका, त्याहिले सांगाल तं किडे जातीन. लेकरू गेलंच, आता किडे तरी राहू द्या."

बानं टोपलीची कड धरली. त्यालाही माहीत नव्हतं. न्हाव्यानं माझी उरलेली दाढी काढली, कारण अर्धी ठेवून उठता येत नाही. तान्ह्या लेकराचं सुतक मोठं नसतं. ऐकल्यावर आंघोळ केली की फिटतं. आम्ही दोघं पुन्हा तलावात उतरलो आणि वर आलो.

घरी ती मागच्या खोलीच्या दारात उभी होती. आतल्या बाजूनं. वाळली होती. ओरडायचं मनात होतं, तिला पाहून मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"आत या," ती म्हणाली.

मी आत गेलो. छप्पर भरल्यापासून त्या खोलीत आम्ही दोघं एकत्र पहिल्यांदाच उभे होतो.

"हात लावून पाहा," ती म्हणाली. "कुठी थंड लागते काय, सांगा मले."

मी दारापासून सुरू केलं. चटईवर तळहात ठेवायचा, थांबायचं, पुढं सरकायचं. ती माझ्या मागं. छप्पर खाली येत गेलं तसा मी वाकलो, मग गुडघ्यावर आलो. खालच्या कोपऱ्यात तिची फाटकी चादर अजून अंथरलेली होती. मी तिथं उताणा झालो आणि कोपऱ्यात बोटं घातली. एखादी जागा गार लागावी, असं मला वाटत होतं. एक गाठ सुटलेली सापडली असती, एक फट सापडली असती, तर मी तिच्यावर राग काढला असता. सगळीकडं सारखी ऊब होती.

"नाई," मी म्हणालो. "कुठीच नाई."

"थंडीनं नाई गेली ते," ती म्हणाली. "हे तुमी बी ध्यानात ठेवा. थंडीनं नाई गेली."

"मंग कायनं?"

"मले नाई माहीत. दूध पीत होती. निजली. मंग उठवाले गेली तं उठली नाई."

ती माझ्याशेजारी टेकली. आमच्या डोक्यावर ते छप्पर, हात वर केला तर लागेल इतकं. बाहेर आत्या बाला जेवायला उठवत होती आणि बा उठत नव्हता. त्या दिवशी घरात मासोळी शिजली नाही.

बानं त्यानंतर त्या खोलीत बियाणं टांगलं नाही. मागच्या वाडीत त्यानं बियाण्यासाठी वेगळी झोपडी बांधली. कोणी विचारलं तर म्हणे, तिथी उंदीर फार. उंदीर नव्हते. तिनं तणस दोनदा झोडून भरलं होतं, उंदीर कुठून येतील? खोली तिची झाली. आमची बाकीची लेकरं त्याच खोलीत जन्मली, त्याच कोपऱ्यात निजली आणि सगळी जगली. दर काही सालांनी ती पट्ट्या उतरवायला लावी, जुनं तणस काढून दुसरं कोरडं भरी, सुटतील वाटणाऱ्या गाठी पुन्हा मारी. कोणी बाई बाळंतपणाच्या गोष्टी काढून विचारायची, तुही एक पोरगी गेली ना वो, थंडीची? ही हातातलं काम ठेवून सांगायची, "थंडीनं नाई." मग पुन्हा काम घ्यायची.

त्या पोरीबद्दल मात्र ती बसून कधी बोलली नाही. काम करता करता एखादं वाक्य निघून जाई. नातीला न्हाऊ घालताना म्हणाली, तिचे केस असेच दाट होते. एकदा जाळं वाळत घालताना म्हणाली, जाळ्याला बांधलेल्या वजनाच्या गोट्या वाजल्या की तिकडं मान करायची. तेवढंच. मी पुढं विचारत नव्हतो. विचारलं की ती गप्प होई, हे मला समजलं होतं. म्हणून मी थांबायचो, पुढचं वाक्य केव्हा येते याची वाट पाहत. अशी वाट पाहण्यात माझा जन्म गेला.

बानं पोरीला पाहिलं नव्हतं. आत्यानं पाहिलं होतं, ती कधीच गेली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मातीत ठेवायला नेली होती, तोही गेला. उरली होती माझी बायको.

मागच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं बोलणं बंद झालं होतं. डोळे उघडे असत, माणूस ओळखत असे. एका दुपारी पोरं शेतावर होती. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "अवो, ते पोरगी कोणासारखी दिसत होती?"

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग तिनं हात उचलला आणि माझ्या गालावर ठेवला. तुमच्यासारखी, असं तिला म्हणायचं होतं का नुसता हात ठेवला होता, ते मला कळलं नाही. मी पुन्हा विचारणार होतो. पण तिला डोळा लागला, म्हटलं उद्या विचारू. उद्या ती नव्हती.

आता त्या पोरीला पाहिलेलं माणूस कोणी उरलं नाही. मी तिचा बाप आहे, आणि तिचं तोंड मला माहीत नाही. दाट केस माहीत आहेत. आवाजाकडं वळणारी मान माहीत आहे. मधातलं तोंड मी कधी बायकोचं लावून पाहतो, कधी माझं. बसत नाही.